घरच्या संगणकासाठी परिचालन प्रणालीची निवड

जुहू म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम चौपाटी उभी राहते. थोड्या जुन्या पिढीतील वाचकांस तेथील विमानतळही आठवेल. १९२८ साली सुरू झालेल्या या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले आणि भारतातील नागरी हवाई वाहतुकीचा एक नवा अध्याय सुरू झाला. परंतु याच उपनगरात, गुलमोहर मार्गावरील नवव्या आडरस्त्यावर, आणखी एक प्रारंभ झाला, त्याची वार्ता फारशा लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचे, म्हणजेच एनसीएसटीचे, कार्य येथून चालत असे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक विभागातून हे केंद्र स्वतंत्र झाले व डॉ. एस. रमाणी हे त्याचे पहिले संचालक होते. देशातील आयआयटी व अन्य शैक्षणिक संस्थांस जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचा जुहू हा एक प्रमुख दुवा होता. १९८९ साली येथूनच अमेरिकेतील संगणकांशी कायमची जोडणी झाली. २००३ मध्ये हे केंद्र सी-डॅक या संस्थेत विलीन झाले व आज ते सी-डॅक, मुंबई या नावाने ओळखले जाते.

घरच्या संगणकात कोणती परिचालन प्रणाली असावी, या साध्या प्रश्नाचा विचार करताना जुहूची आठवण काढण्याचे कारण असे की, आज आपण कोणत्याही संगणकावर निर्धास्तपणे मराठी लिहितो त्यामागे या केंद्रातील कामाचा काही वाटा आहे. निवड करताना मराठी माणसास पूर्वी जी एक मोठी अडचण येत असे ती त्यामुळे बरीचशी दूर झाली. ही अडचण कोणती, हे पुढे सविस्तर पाहू. तत्पूर्वी परिचालन प्रणाली म्हणजे काय, ते थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल.

पाटकऱ्याचे काम

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावांना पाटकरी ठाऊक असतो. पाणी त्याच्या मालकीचे नसते आणि शेतही त्याचे नसते. तथापि कोणत्या शेतास केव्हा, किती वेळ पाणी सोडावयाचे, कोणाची पाळी संपली, कोणी चोरून बारे फोडले, हे पाहणे त्याच्याकडे असते. संगणकातील परिचालन प्रणाली, जिला व्यवहारात आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ती हेच काम करते. प्रोसेसरचा वेळ, स्मृतीतील जागा, डिस्कवरील फायली, छपाईयंत्र, कळफलक, पडदा ही सारी साधने ती निरनिराळ्या कार्यक्रमांना पाळीपाळीने वाटून देते व एका कार्यक्रमास दुसऱ्याच्या हद्दीत शिरू देत नाही. पत्र लिहिण्याचा कार्यक्रम किंवा इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर ही शेते होत. ज्या प्रणालीवर ती चालतात तिचे अस्तित्व, सर्व सुरळीत असेपर्यंत, आपणांस जाणवतही नाही.

घरगुती संगणकांसाठी आज मुख्यतः तीन कुळांतील प्रणाली उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टची विंडोज ही सर्वांत परिचित. ॲपल कंपनीची मॅकओएस ही केवळ त्या कंपनीच्या यंत्रांसाठीच असल्याने तिची निवड ही प्रत्यक्षात यंत्राचीच निवड असते. तिसरे कूळ लिनक्सचे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला व तो कोणासही पाहता, बदलता व वाटता येईल अशा रीतीने खुला केला. या गाभ्याभोवती निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या प्रणाली बांधल्या. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट ही त्यांतील काही नावे. आपल्या देशात सी-डॅकने डेबियनच्या आधारे सिद्ध केलेली व २००७ साली प्रसिद्ध झालेली ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, ही याच कुळातील. क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची प्रणालीही लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे.

दुरुस्ती थांबते तेव्हा

हा विषय आत्ताच का घ्यावयाचा, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर एका तारखेत आहे. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज १० या प्रणालीस कंपनीकडून मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरकर्त्यांस काही अटींवर आणखी एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदतवाढ जाहीर करण्यात आली. आपल्याकडील शाळांत, शिक्षकांच्या घरी व ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत जे संगणक आहेत, त्यांपैकी पुष्कळांवर हीच प्रणाली असल्याचे दिसते.

मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तो पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, आणि नेमकी येथेच फसगत होते. कोणत्याही परिचालन प्रणालीत कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते व तीत उणिवा निघतच असतात. अशी उणीव सापडली की तयार करणारी संस्था ती बुजवते व ती दुरुस्ती इंटरनेटवरून आपल्या यंत्रात येऊन पडते. मुदतीनंतर उणिवा सापडणे थांबत नाही, फक्त बुजवणे थांबते. एवढेच नव्हे तर, नव्या आवृत्तीत बुजवलेले छिद्र कोठे होते हे पाहून जुन्या आवृत्तीतील तेच छिद्र शोधणे दुष्टबुद्धीच्या माणसास सोपे जाते. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, आधार क्रमांक व विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते, ते यंत्र अशा स्थितीत इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली कुलपालाच लावून ठेवण्यासारखे होय. यापूर्वी विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी संपली होती. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे ती यंत्रे बिनदिक्कत चालू असल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे.

मग सर्वांनी विंडोज ११ घ्यावी, हे ओघानेच येते. परंतु ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीच्या अटी कडक आहेत. किमान ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक यंत्रे पूर्ण करतात. अडचण येते ती टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची व प्रोसेसरच्या पिढीची. इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे, म्हणजे ढोबळमानाने २०१७ पूर्वीचे, जवळजवळ सर्व प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. परिणामी, हातीपायी धड असलेले यंत्र केवळ प्रणालीच्या अटींमुळे ‘जुने’ ठरते. आपले यंत्र पात्र आहे की नाही हे मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या विनामूल्य कार्यक्रमाने काही मिनिटांत कळते. अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे कारागीर शहरोशहरी आढळतात, त्यांच्या नादी लागू नये. अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी बदल केला तेच कारण पुन्हा उभे राहते.

मराठीचा प्रश्न आणि जुहूतील काम

आता मराठीविषयी. १९९० च्या दशकात व त्यानंतरही काही वर्षे संगणकावर मराठी लिहावयाचे म्हणजे विशिष्ट कंपनीचा फॉन्ट विकत घ्यावा लागे. या फॉन्टमध्ये एक युक्ती केलेली असे. संगणकाच्या दृष्टीने फाइलमध्ये रोमन अक्षरेच साठवलेली असत. त्या अक्षरांच्या जागी फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे, काने, मात्रा, वेलांट्या काढून ठेवलेल्या असत. फॉन्ट हजर असेपर्यंत मजकूर मराठी दिसे. तो नसला की त्याच जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडले तर त्याला ना अर्थ ना उच्चार.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने आला. जुन्या शिक्षकांच्या आठवणी, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, शाळेच्या स्थापनेची हकीकत असा मजकूर मोठ्या कष्टाने टंकलिखित केलेला होता. काही वर्षांनी संगणक बदलला. फॉन्टच्या जोडीला जे लहानसे कुलूपवजा उपकरण मागील बाजूस लावावे लागे, ते नव्या प्रणालीत चालेना. विक्रेत्याने नवी प्रत विकत घेण्याचा सल्ला दिला. तीही घेतली, पण तिची मांडणी निराळी निघाली. अखेरीस छापील स्मरणिका समोर ठेवून सर्व मजकूर पुन्हा लिहून काढावा लागला. ज्या लेखांची छपाई झालेली नव्हती ते गेलेच. त्यांत शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांच्या आठवणी होत्या, आणि तोवर ते हयात नव्हते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. त्या काळात परिचालन प्रणाली निवडण्याचे स्वातंत्र्य मराठी वापरकर्त्यास खऱ्या अर्थाने नव्हतेच. ज्या प्रणालीवर आपला फॉन्ट चाले तीच त्याची प्रणाली. पुढील बदलाच्या भीतीने लोक जुनी यंत्रे जपून ठेवीत, आणि अजूनही ठेवतात.

यावर उपाय म्हणून अक्षरांना स्वतःचे, कायमचे क्रमांक देण्याचे प्रयत्न आपल्या देशात १९८० च्या दशकातच सुरू झाले होते. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित केला व १९८८ साली इस्की ही संकेतपद्धती निश्चित केली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. जागतिक पातळीवर त्याच सुमारास आकारास येत असलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे झाली. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’च असतो. फॉन्ट कोणताही असो, यंत्र कोणतेही असो.

परंतु केवळ क्रमांक देऊन भागत नाही. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीचे तसे नाही. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी ‘क’ व नंतर ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. ‘कर्म’ मधला ‘र’ उच्चारात ‘म’च्या आधी येतो, पण रफार होऊन ‘म’च्या डोक्यावर चढतो. ‘श्र’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची रूपे तर मूळ अक्षरांहून सर्वस्वी भिन्न. ही उलथापालथ प्रत्येक कार्यक्रमाने स्वतंत्रपणे करावयाची म्हटले तर गोंधळ माजेल. ती परिचालन प्रणालीनेच एकदा नीट करून दिली पाहिजे, आणि त्यासाठी त्या प्रणालीस समजेल असा, सर्व जोडाक्षरांची सोय असलेला फॉन्ट पाहिजे.

या दोन्ही अंगांनी जुहूच्या केंद्रात काम झाले. ‘इंडिक्स’ या प्रकल्पाखाली तेथील तंत्रज्ञांनी लिनक्सच्या चित्रमय पडद्याच्या मूळ यंत्रणेतच भारतीय लिप्यांची जुळणी बसवली. फॉन्टच्या बाजूने सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी या केंद्रात राहून जे काम केले ते विशेष उल्लेखनीय आहे. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. लिनक्ससाठी केंद्राने मुक्तपणे उपलब्ध करून दिलेला ‘रघु’ हा फॉन्टही त्यांच्याच हातचा. विकत मिळणारी प्रणाली आणि फुकट मिळणारी प्रणाली, दोहोंवर मराठी अक्षर एकाच हाताच्या वळणाने उमटले, ही योगायोगाची पण समाधानाची बाब म्हणावी लागेल. प्रा. जोशी २००८ मध्ये निवर्तले. पुढे पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या तंत्रज्ञांनी सांभाळलेली ‘लोहित’ फॉन्टमालिका, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट यांसारखी विनामूल्य भर पडत गेली. आता सुलेखनाच्या दृष्टीनेही निवडीस वाव आहे.

काही बारकावे मात्र दीर्घकाळ त्रास देत राहिले. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धचंद्राकृती ‘र’ हा मराठीचा खास विशेष. हिंदीस त्याची गरज नसल्याने पुष्कळ फॉन्टकर्त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले होते. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. ‘ल’ व ‘श’ यांच्या मराठी वळणाविषयी राज्य शासनाने २००९ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये निर्णय काढून प्रमाण वर्णमाला निश्चित केली. तरीही काही फॉन्ट आपणहून हिंदी वळणच दाखवतात. यास्तव कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तीवर पुढील शब्द स्वतः लिहून पाहावेत : दुसऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, कीर्ती, शृंगार, ज्ञानेश्वर, ॲड., ऑक्टोबर, वाङ्मय, लक्ष्मी. हे शब्द पडद्यावर, छापील कागदावर आणि ई-मेलने पाठवून दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवर, अशा तिन्ही ठिकाणी एकसारखे उमटले तर त्या प्रणालीस मराठीच्या परीक्षेत उत्तीर्ण समजण्यास हरकत नाही. आजच्या विंडोज ११, मॅकओएस व लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्या या परीक्षेत सहसा अडखळत नाहीत. इन्स्क्रिप्ट कळफलक तर या तिन्हींत अंगभूतच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. ज्यांनी तो एकदा शिकून घेतला त्यांस प्रणाली बदलली तरी बोटांची सवय बदलावी लागत नाही.

कोणास काय सोयीचे

भाषेची अडचण अशी दूर झाल्यावर निवड उरते ती कामाच्या व यंत्राच्या हिशेबाने. येथे सर्वांस एकच उत्तर देता येणार नाही.

ज्या शिक्षकाचे काम पत्रे व प्रश्नपत्रिका लिहिणे, गुणतक्ते करणे, शासनाच्या संकेतस्थळांवर माहिती भरणे, चित्रफिती पाहणे व दाखवणे एवढे आहे, त्याच्यासाठी लिनक्स ही पूर्णतः पुरेशी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. संकेतस्थळावरील काम ब्राउझरमध्ये चालते व फायरफॉक्स किंवा क्रोम हे ब्राउझर सर्वत्र सारखेच. लेखन व तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस हा संच विनामूल्य मिळतो. वर्ड व एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. मात्र गुंतागुंतीची मांडणी, चौकटी, आपोआप चालणारी सूत्रे असलेली फाइल कधीकधी हलते. ही उणीव लपवण्यात अर्थ नाही. वरिष्ठ कार्यालयाकडून विशिष्ट नमुन्यातील एक्सेल फाइल येत असेल तर आधी तीच फाइल उघडून, भरून, परत पाठवून पाहावी.

याउलट नागरी सेवा केंद्र चालवणाऱ्याने विंडोज सोडण्याची घाई करू नये. बोटांचे ठसे घेणारे यंत्र, काही छपाईयंत्रे, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन यांस लागणारे जोडकार्यक्रम त्या त्या उत्पादकाने लिनक्ससाठी दिलेले असतातच असे नाही. दिलेले असले तरी बसवताना कटकट होते. तसेच ज्यांचा हिशेब एखाद्या विशिष्ट विंडोज-कार्यक्रमात वर्षानुवर्षे लिहिला गेला आहे, त्यांनी यंत्र पात्र असल्यास विंडोज ११ घ्यावी, नसल्यास नवे यंत्र घेण्याची तरतूद करावी. ही तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात वेळीच व्हावयास हवी. मार्चअखेरीस घाईने केलेली खरेदी बहुधा महाग पडते.

जुन्या यंत्राची गोष्ट वेगळी. ४ जीबी स्मृतीच्या, आठ-दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती समाधानकारक चालते. त्यातील यांत्रिक हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर यंत्र पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटते, आणि हा खर्च नव्या यंत्राच्या मानाने अगदी किरकोळ असतो. मिंटच्या २२ व्या आवृत्तीस व उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. त्याहून जुनी, ३२ बिटांची यंत्रे असतील तर डेबियन १२ ही त्यांवर बसते व तिची मुदत जून २०२८ पर्यंत आहे. क्रोमओएस फ्लेक्स बसवणे सर्वांत सोपे, पण तिचे बहुतेक काम इंटरनेटवर अवलंबून असते. जेथे जोडणी दिवसातून चार वेळा जाते तेथे तिची शिफारस करवत नाही.

‘बॉस’विषयी अनेकजण आस्थेने विचारतात. आपल्या शासकीय संस्थेने केलेली, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली म्हणून तिच्याविषयी ममत्व वाटणे साहजिक आहे. घरच्या वापरासाठी निवडताना मात्र अडल्यावेळी मदत कोण करील, हे पाहणे आमच्या मते अधिक महत्त्वाचे. शेजारच्या गल्लीत, तालुक्याच्या महाविद्यालयात, ओळखीच्या एखाद्या विद्यार्थ्यास ज्या प्रणालीची माहिती आहे, ती प्रणाली गुणांनी थोडी कमी असली तरी घरी अधिक उपयोगी पडते. केरळ राज्यातील शाळांनी खुल्या प्रणालीचा अवलंब सर्वत्र केला, त्यास यश आले ते याच कारणाने. तेथे आधी शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले, पाठ्यपुस्तके त्या प्रणालीस धरून लिहिली गेली आणि अडचण आली तर विचारावयास जवळचा माणूस होता. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांस संगणकाची ओळख करून दिली, हे मोठेच कार्य होय. पण ती ओळख विंडोजच्याच अंगणात झाली. त्यामुळे दुसऱ्या प्रणालीचा पडदा समोर आला की चांगला सरावलेला लिपिकही बावरतो. हे बावरणे बहुधा आठवडाभराचे असते. ते गृहीत धरावे, त्यास प्रणालीचा दोष समजू नये.

अनधिकृत प्रतींविषयी दोन शब्द. परवान्याशिवाय बसवलेली विंडोज ‘फुकट’ मिळते असा एक गैरसमज आहे. ती चालू करण्यासाठी जे कुलूपतोडे कार्यक्रम वापरले जातात, त्यांतूनच अनेकदा घातक आज्ञावली यंत्रात शिरते. ज्यास परवान्याचा खर्च परवडत नाही त्याच्यापुढे कायदेशीर, विनामूल्य पर्याय असताना हा मार्ग धरण्याचे काही कारण राहिलेले नाही.

बदलण्यापूर्वी

लिनक्सचा एक फायदा असा की ती न बसवताच चालवून पाहता येते. तिची फाइल उतरवून घेऊन पेनड्राइव्हवर चढवावी व संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. मूळ डिस्कला धक्का न लावता नवी प्रणाली पडद्यावर येते. या अवस्थेत वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का, आणि वर दिलेले मराठी शब्द नीट उमटतात का, हे पाहून घ्यावे. पेनड्राइव्हवरून चालताना गती थोडी मंद असते, त्यावरून निष्कर्ष काढू नये. ‘बसवा’ असे म्हणणारे बटण मात्र या वेळी दाबू नये. डिस्क पुसली जाण्याचे प्रकार येथेच घडतात.

पुष्कळजण उत्साहाच्या भरात आधी प्रणाली बदलतात व मग जुन्या फायलींकडे वळतात. क्रम नेमका उलटा हवा. जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर, तो फॉन्ट ज्या यंत्रावर चालतो तेथेच, युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी परिवर्तक कार्यक्रम मिळतात, पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. रफार, अर्धा ‘र’ व जोडाक्षरे यांच्या ठिकाणी चुका राहतात, त्या मूळ मजकुराशी ताडून पाहाव्यात. ज्या फायली महत्त्वाच्या पण बदलण्यास वेळ नाही, त्यांची निदान पीडीएफ प्रत काढून ठेवावी. म्हणजे वाचता तरी येतील. ग्रामसभांची इतिवृत्ते, शाळेचे निकालपत्रक, संस्थेची घटना, घरातील वडीलधाऱ्यांनी सांगून लिहून घेतलेल्या आठवणी, ही कागदपत्रे आधी घ्यावीत. लग्नपत्रिकांचे नमुने मागे राहिले तरी चालतील.

त्यानंतर सर्व फायलींच्या दोन प्रती, दोन निरनिराळ्या ठिकाणी कराव्यात. एक बाहेरच्या डिस्कवर, दुसरी अन्यत्र. प्रत केली म्हणजे झाले नाही. दुसऱ्या संगणकावर त्यांतील पाच-दहा फायली उघडून पाहाव्यात. पासवर्ड, ई-मेलची खाती, छपाईयंत्राचे नाव व क्रमांक एका वहीत लिहून ठेवावेत. यंत्रात पुरेशी जागा असेल तर विंडोज व लिनक्स शेजारी शेजारी नांदू शकतात व सुरू करताना हवी ती निवडता येते. प्रथम बदल करणाऱ्यास ही व्यवस्था धीर देणारी असते. मात्र मुदत संपलेली विंडोज अशा वेळी इंटरनेटपासून तोडून ठेवावी व केवळ जुन्या फायली उघडण्यापुरती वापरावी.

बदलाचा दिवस परीक्षा, निवडणूक वा वर्षअखेर यांच्या तोंडावर घेऊ नये. शिक्षकांसाठी दिवाळीची वा उन्हाळ्याची सुटी सोयीची. आणि जुना संगणक कोणास द्यावयाचा ठरल्यास त्यातील डिस्क आधी पूर्णपणे पुसून घ्यावी. फायली नुसत्या कचरापेटीत टाकून पेटी रिकामी केल्याने त्या नाहीशा होत नाहीत. त्या यंत्रावर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व पालकांची बँकखाती भरलेली असतील, तर डिस्क काढून घेऊनच यंत्र द्यावे.